पाटीवर न आलेला पदार्थ

उदगीरमध्ये सायंकाळी लागणाऱ्या चायनीजच्या गाड्यांवर ‘शेजवान’ हा शब्द हटकून आढळतो. सिचुआन या चिनी प्रांताच्या नावाचेच ते बदललेले रूप. मात्र त्या प्रांताची राजधानी छंगतू येथे लोक आवडीने खातात तो गोमांसाचा पदार्थ, ‘फूची फेइपिएन’, आपल्याकडील चायनीजमध्ये शोधणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. आपले चायनीज मुळी निराळेच आहे. त्यातील चिकन मंचुरियन १९७५ च्या सुमारास नेल्सन वाँग यांनी मुंबईत सिद्ध केले.

या छंगतूच्या पदार्थाची कथा मोठी बोलकी आहे. १९३० च्या दशकात एक गरीब दांपत्य, इतरांनी टाकून दिलेले जनावराचे काळीज, जीभ, वजडी असे भाग शिजवून, त्यांचे पातळ काप तिखट तेलात कालवून विकत असे. चिनी भाषेत ‘टाकाऊ’ आणि ‘फुप्फुस’ या शब्दांचा उच्चार सारखा. म्हणून पुढे ‘टाकाऊ काप’ हे नाव लिहिताना ‘फुप्फुसाचे काप’ असे झाले, आणि त्याआधी ‘नवराबायको’ हा शब्द जोडला गेला. गरिबाच्या चुलीवरचे अन्न अशा रीतीने प्रतिष्ठित उपाहारगृहांच्या पाटीवर चढले.

मराठवाड्यात असे का घडले नाही? हा प्रश्न मनात ठेवून शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक वाचावे, असे आम्हांस वाटते. महार व मांग या दोन समाजांच्या खाद्यजीवनाची ही नोंद आहे. तेल, तूप, दूध यांवाचून, हाताशी असेल त्यावर चालणारे ते स्वयंपाकघर. मांसाच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या ‘चान्या’ त्यात येतात. हातात काही नसलेल्या दिवसांसाठी केलेली ती बेगमीच. या अन्नाला तामसी ठरवून खाणाऱ्यालाच हीन कसे लेखले गेले, याची मीमांसाही लेखक करतात. केवळ पाककृती हव्या असलेल्या वाचकाला येथे धीर धरावा लागेल, कारण आठवण, कृती आणि वाद एकमेकांत मिसळलेले आहेत. परंतु ते वेगळे केले असते तर पदार्थ उरला असता आणि माणूस हरवला असता. पुस्तकाचे शीर्षक रूढ वचनाला केवळ एका अक्षराने छेद देते. त्या एका अक्षरात सारा ग्रंथ सामावला आहे.

आता कायद्याचीही अडचण आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी होती. मार्च २०१५ मध्ये ती बैल व वळू यांनाही लागू झाली. म्हशीचे मांस मात्र तिच्या बाहेर आहे. तेव्हा चान्या खानावळीत न येण्याचे सारे खापर कायद्यावर फोडता येत नाही. कायद्याच्या कितीतरी आधीपासून लाज होती. पाहुणा आला की हे भांडे झाकले जात असे.

आम्हां कॅथलिकांना हे परके नाही. गोव्याकडील विंदालू आणि सोरपोतेल यांची नावे आपण सणासुदीला अभिमानाने घेतो. मराठवाड्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज मात्र याच दोन समाजांतून आले, आणि त्यांच्या चुलीवरची नावे आपल्या मेजवानीत क्वचितच ऐकू येतात. यापो येथे पेत्राला झालेला दृष्टांत आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. तेथे विषय अन्नापासून सुरू होतो आणि कर्नेल्याच्या घरी, माणसापाशी, येऊन पोहोचतो. अन्नाला अशुद्ध म्हणणारा शेवटी माणसालाच दाराबाहेर ठेवतो, हे पेत्राला तेथे उमगले. पाटोळे यांच्या पुस्तकाचे म्हणणे याहून फार दूर नाही.

या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद भूषण कोरगांवकर यांनी केला असून तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जगाने दखल घेतली. आता घरानेही घ्यावी. धर्मांतरित कुटुंबांचे ताट हा या ग्रंथाचा विषय नव्हे. ते काम आपले आहे. वाळवणाची रीत ठाऊक असलेल्या आज्या आता थकल्या आहेत. उदगीर, लातूर, नांदेडकडील धर्मग्रामांतील तरुणांनी त्यांच्यापाशी बसून ही नावे आणि कृती उतरवून घ्याव्यात. पाटीवर येण्याआधी पदार्थाला वहीत तरी जागा मिळावयास हवी.