पालाशची उणीव सोडियम भरून काढील काय?

नागपुरातील एका शिक्षक-शिबिरात एका गुरुजींनी मला विचारले, "आवर्तसारणीत सोडियम आणि पोटॅशियम एकाच गणात बसतात. पोटॅश परदेशातून आणावे लागते, मीठ आपल्याकडे मुबलक. मग पालाश कमी असलेल्या शेतात मीठच का टाकू नये?" मीठ पिकाला विष, असे सांगून मी मोकळा झालो. पाठ्यपुस्तकी उत्तर होते ते. आज वाटते, प्रश्न उत्तरापेक्षा सरस होता.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून चालू असलेल्या गव्हाच्या प्रयोगात हाच प्रश्न शेताला विचारला गेला. एका पट्ट्याला नत्र व स्फुरद, दुसऱ्याला त्यांच्या जोडीला सोडियम सल्फेट, तिसऱ्याला पालाश. सोडियमच्या पट्ट्याने पहिल्यापेक्षा अधिक गहू दिला!

असे का व्हावे? पोटॅशियमची कामे दोन. पेशीतील रिक्तिकेत राहून पाणी ओढून धरणे हे एक. तिथे सोडियमही चालतो. दुसरे काम विकरांना चालना देण्याचे. ते सोडियमला जमत नाही, त्याचा आयन आकाराने लहान पडतो. सोडियमने पहिले काम उचलले की तुटपुंजा पालाश दुसऱ्यासाठी मोकळा होतो. भाताचे रोप तर पालाशची उपासमार झाली की मुळांतून मुद्दाम सोडियम आत घेते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे प्रवेशद्वार बिघडवलेली रोपे अशा वेळी खुरटलेली आढळली.

म्हणजे 'विष' हा शब्द चुकला. पण गुरुजींचा उपायही विदर्भात चालणार नाही, आणि त्याचे कारण रोपात नसून मातीत आहे. द्रावणात वाढवलेल्या रोपांच्या प्रयोगांत नेमकी माती सुटते.

अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा घ्या. पूर्णेच्या खोऱ्यातील या काळ्या जमिनीत पालाशची सहसा वाण नसते. सोडियमच नको तितका. मातीच्या कणांना चिकटलेल्या आयनांत सोडियम १५ टक्क्यांवर गेला की जमीन चोपण, हा दंडक १९५४ च्या अमेरिकन पुस्तिकेतला. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या संशोधकांना मात्र या खोऱ्यात ५ टक्क्यांच्या आसपासच निचरा बिघडलेला दिसला. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाऊस वरच साचतो आणि रब्बीच्या ज्वारीची मुळे खाली कोरडी राहतात.

आपल्या शाळेत रसायनाचा गण एका धड्यात, वनस्पतींचे पोषण दुसऱ्यात आणि खारवट जमीन भूगोलात. तिन्हींची गाठ कुठेच पडत नाही. गुरुजींनी ती घातली होती.

(कोकणात माडाच्या आळ्यात मीठ घालतात, असे कुणी म्हणेल. तिथे फायदा बराचसा क्लोरीनचा असतो.)

वर्गात करून पाहण्याजोगे: तळाला भोके पाडलेल्या दोन डब्यांत सारखी काळी माती भरा. एकीतून मिठाचे पाणी जाऊ द्या, दुसरीतून साधे. मग दोन्हींत पावसाचे पाणी ओता आणि थेंब मोजा. मिठाच्या पाण्याने सुरुवातीला फारसे बिघडलेले दिसणार नाही. गोडे पाणी पडल्यावरच थेंब अडखळू लागतील.