शेवट आधीच ठरलेली कादंबरी

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली. पहिली मराठी कादंबरी म्हणून अभ्यासक्रमात तिला मानाचे पान मिळते, पण कथा म्हणून ती वाचणारे थोडे. विनायक आणि यमुना हे तरुण जोडपे मनाने ख्रिस्ताकडे ओढले गेलेले आहे. प्रवासात त्यांना ठिकठिकाणी विधवांचे हाल दिसतात. पुढे विनायक अपघातात जातो आणि यमुनेवरच वैधव्य कोसळते. केशवपनासाठी घरचे मागे लागतात, त्यातून ती सुटते, बाप्तिस्मा घेते आणि पुन्हा लग्न करते. प्रेम, विरह, श्रद्धा, नवा संसार : जगभर ख्रिस्ती प्रेमकादंबरी म्हणून जे आज लाखोंनी खपते त्याचे सगळे सामान इथे हजर आहे. आपल्या कादंबरीचा उगमच या प्रकारात आहे, आणि तरीही हा प्रवाह मराठीत पुढे वाहिला नाही याची मला मनापासून खंत वाटते.

याचे एक कारण वाङ्मयाच्या इतिहासात सापडते. १८७१ मध्ये रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने ऐतिहासिक कादंबरीची वाट शिवकालाकडे वळवली आणि हरिभाऊ आपट्यांनी तिचा राजरस्ता केला. त्या रस्त्यावर ख्रिस्ती माणूस भेटतो तो बहुधा फिरंगी किंवा टोपीकर म्हणून. अहमदनगरचा, जालन्याचा, वसईचा मराठी बोलणारा ख्रिस्ती इतिहासाचा नायक होऊ शकतो, हे त्या परंपरेला फारसे सुचले नाही. गोव्याबाबत महाबळेश्वर सैल यांची ‘तांडव’ हा मोठा अपवाद आहे. सोळाव्या शतकातले धर्मांतर तिथे गावाच्या उरावर येते. पण ती उद्ध्वस्त होण्याची कथा आहे. श्रद्धा बदलूनही दोन माणसे एकमेकांची कशी राहतात, हा तिचा विषय नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. पदमनजी स्वतः धर्मांतरित होते आणि यमुनेला कुठे पोहोचायचे आहे हे त्यांना पहिल्या पानापासून माहीत होते. विधवांच्या छळाची त्यांची चीड अस्सल आहे. त्या पानांवर गद्य तापते. पण यमुना ख्रिस्ताबद्दल बोलू लागली की तिचा प्रश्न संपतो आणि लेखकाचे उत्तर सुरू होते. शेवट आधी ठरला की प्रेमाला जोखीम राहत नाही. विनायक कोणत्या श्रद्धेत मरेल याची धाकधूक वाचकाला वाटत नाही.

ही धाकधूक मराठीत कुठे आहे? ती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे काम केलेले त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले. हे गाव आजच्या छत्तीसगडात, रायपूरपासून जेमतेम सत्तर किलोमीटर. आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत नव्हत्या. पुढची ताटातूट काही वर्षे चालली. नवरा हवा आहे, त्याचा देव नको आहे, आणि दोघांना एका घरात कसे ठेवावे हे कळत नाही. सोवळेओवळे सुटायलाच लक्ष्मीबाईंना वर्षे लागली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. खऱ्या ख्रिस्ती प्रेमकथेला जे लागते ते सगळे इथे आहे, कारण प्रत्येक प्रकरणात बाई मागे फिरू शकते असे वाचताना वाटत राहते. मराठी ख्रिस्ती कादंबरीचे सर्वोत्तम पुस्तक आत्मचरित्र आहे, असे मी म्हणूनच म्हणतो.

याच्या जवळ जाणारे दुसरे पुस्तक अहमदनगरच्या मुलीचे, पण इंग्रजीत. कृपाबाई सत्थियानाधन यांच्या ‘सगुणा’त नायिकेआधी तिच्या आईवडिलांची गोष्ट येते : बाप आधी ख्रिस्ती होतो आणि आई रागाने, भीतीने, नाइलाजाने त्याच्यामागे जाते. १८८७-८८ मध्ये क्रमशः छापलेल्या या कादंबरीत दोन पिढ्यांच्या श्रद्धेचे दोन पोत दिसतात. आईला जे फाटून मिळाले ते मुलीला जन्मतः मिळाले आहे, आणि म्हणून मुलीची लढाई वेगळी आहे. एकाहून अधिक काळ कथेत आणण्याचा खरा उपयोग हाच असतो.

अमेरिकेत या प्रकाराचा आता मोठा बाजार आहे. फ्रान्सिन रिव्हर्स यांची ‘रिडीमिंग लव्ह’ (१९९१) बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची कथा कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींच्या काळात नेते. एका दुखावलेल्या बाईचे पळून जाणे आणि नवऱ्याचे पुन्हा पुन्हा तिला आणायला जाणे यात ताकद आहे. पण पुढे रूढ झालेली दुहेरी काळाची कादंबरी मला पोकळ वाटते. आजच्या मुलीला पणजीची पत्रे सापडतात, दोघींची प्रेमे समांतर चालतात आणि दोघींना एकच उत्तर मिळते. काळ तिथे नुसता पोशाख उरतो. याउलट कुर्रतुलऐन हैदर यांच्या ‘आग का दरिया’त (१९५९) तीच नावे शतकांतून परत येतात, आणि प्रत्येक वेळी तोच माणूस वेगळ्या संकटात असतो. मराठीत रंगनाथ पठारे यांनी ‘सातपाटील कुलवृत्तांत’मध्ये (२०१९) एका घराण्याच्या अनेक शतकांना कादंबरीत बसवून दाखवले. एवढा पसारा पेलायची ताकद आपल्या भाषेत आली आहे. ती ख्रिस्ती अनुभवाकडे मात्र वळलेली नाही.

ती वळलीच तर राजनांदगावच्या त्याच छत्तीसगडात फार श्रीमंत माती आहे. १८६८ साली ऑस्कर लोर हा जर्मन मिशनरी रायपूर भागात आला आणि त्याने बिसरामपूर वसवले. त्याच्याकडे आलेले बहुतेक लोक सतनामी या दलित समाजाचे होते. या समाजात ‘चूडी’ची रीत होती, आपल्याकडच्या पाटाच्या लग्नासारखी : बाई एका नवऱ्याचे घर सोडे, दुसऱ्याने दिलेल्या बांगड्या भरी, आणि पहिल्याला भरपाई मिळून प्रकरण मिटे. मिशनला हा व्यभिचार वाटला. १८९० साली बिसरामपूरच्या ख्रिस्ती मंडळीसाठी खास नियम केले गेले. चूडी करणाऱ्यांना मंडळीबाहेर काढले जाई आणि तरीही लोक चूडी करत राहिले. सौरभ दुबे यांच्या सतनामी समाजावरील संशोधनात हा संघर्ष तपशिलाने आला आहे.

हे ‘यमुनापर्यटन’शेजारी ठेवून पाहावे. ब्राह्मण विधवेला ख्रिस्ती होऊन पुनर्विवाहाची मोकळीक मिळाली. ज्या सतनामी बाईला ती मोकळीक आधीपासून होती, तिच्याकडून ख्रिस्ती झाल्यावर ती काढून घेतली गेली. एकाच धर्माने एकाच शतकात दोन बायकांना दोन उलट्या दिशांना नेले. १८९०चे बिसरामपूर आणि त्याच दशकातला राजनांदगावच्या गाडीतला मराठी कवी एका कादंबरीत आले, तर श्रद्धेने प्रेम मुक्त होते की बांधले जाते याचे एकच उत्तर देणे कोणालाही जमणार नाही.

अशा कादंबरीसाठी आणखी एक काळही दूर नाही. मध्य प्रदेशची राजधानी नागपूर असताना ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली आला, १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला आणि २००० साली राज्य वेगळे झाल्यावर तो छत्तीसगडाकडे वारशाने आला. धर्म बदलणे ही या कायद्यापासून सरकारी कचेरीतही नोंदवायची गोष्ट झाली. १८९५ साली नवऱ्याने परस्पर घेतलेल्या निर्णयाचे दुःख बायकोने सोसले. आज दोघांनी मिळून घेतलेल्या निर्णयावरही तिसऱ्याची नजर असते. हा फरक कथानकात घ्यायचा, तर प्रचारही नको आणि बचावाची वकिलीही नको.

रायपूरचे मराठीभाषक हे लेखन करायला योग्य जागी आहेत. भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस इथे आहे, आणि माधवराव सप्रे यांच्यासारखा मराठी घरातला लेखक इथूनच हिंदीत गेला. अडचण भाषेची आहे. बिसरामपूरची माणसे छत्तीसगढी बोलत, वरचे पाद्री जर्मन होते, आणि लेखक मराठीत लिहिणार. चूडी भरून मंडळीबाहेर गेलेल्या बाईला पुणेरी प्रमाणभाषा देऊन चालणार नाही. मिशनच्या कागदांत तिचा अपराध लिहिलेला असतो, तिचे म्हणणे क्वचितच. त्या बाईला प्रार्थनाही हवी होती आणि तो माणूसही. हे तिच्याच बोलीच्या वळणाने मराठीत बोलू शकेल अशी नायिका घडवणे, हे या लेखकाचे सर्वांत कठीण काम असेल.