घोड्याचे चिलखत आणि कांद्याचे वक्कल

मूळ गेम विकत घेतल्यावर वेगळे पैसे मोजून इंटरनेटवरून उतरवून घ्यायच्या लहानसहान वस्तू असतात : एखादा पोशाख, नवी तलवार, सैनिकांची एखादी तुकडी. त्यांना या लेखात पुरवणी म्हणू. त्याच गेमला जोडलेला नवा प्रदेश, नवी कथा, पुष्कळ तासांचा नवा खेळ म्हणजे विस्तार. पुरवणी खपली तर विस्तारही खपेल आणि पुरवणी पडून राहिली तर विस्ताराच्या भानगडीत पडू नये, ही समजूत सोयीची आहे. पुरवणीला थोडी माणसे आणि थोडे दिवस पुरतात, विस्ताराला वर्ष-वर्ष जाते. एवढा पैसा गुंतवण्यापूर्वी कोणीही अंदाज मागणारच. पण हा अंदाज नेमका कशाचा असतो?

चांदवडच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिलेल्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. ट्रॉलीतला वरचा कांदा व्यापारी हातात घेतो, दाबून पाहतो, रंग पाहतो आणि सगळ्या वकलाची बोली करतो. खळ्यावर माल ओतताना आत दुय्यम कांदा निघाला तर वाद होतो, भाव तोडला जातो. हा वाद होऊ शकतो, कारण वरचा आणि खालचा कांदा एकाच ढिगातला आहे हे दोघांनी गृहीत धरलेले असते. पुरवणी आणि विस्तार एकाच ढिगातले आहेत, असे मात्र मला वाटत नाही.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीच्या ‘ऑब्लिव्हियन’ या गेमचे. मार्च २००६ मध्ये गेम आला आणि एप्रिलमध्ये कंपनीने घोड्याला घालायचे चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले. खेळात त्याचा उपयोग फारसा नव्हता. त्याची एवढी थट्टा झाली की ‘घोड्याचे चिलखत’ हा शब्दप्रयोग फुकाच्या वस्तूला पैसे घेण्याचा समानार्थी झाला. तरीही ते विकले गेले. मार्च २००७ मध्ये त्याच गेमचा ‘शिव्हरिंग आइल्स’ हा विस्तार तीस डॉलरला आला आणि खेळाडूंनी तो मनापासून स्वीकारला. थट्टेवरून अंदाज बांधला असता तर विस्तार निघालाच नसता. खपावरून बांधला असता तर कंपनीने पुढे चिलखतेच काढली असती. गंमत म्हणजे २०२५ मध्ये या गेमची नवी आवृत्ती आली, तेव्हा विस्तार मूळ किमतीतच मिळाला आणि चिलखताचा नवा संच महागड्या आवृत्तीत गेला. कंपनीलाही या दोन वस्तूंचा फरक समजलेला दिसतो.

फरक गिऱ्हाइकाचा आहे. चिलखत घेणारा त्या आठवड्यात खेळत असतो. घोडा त्याच्यासमोर उभा असतो आणि रक्कम किरकोळ असते. विस्ताराचे काम याच्या उलट आहे. कथा संपवून गेम बाजूला ठेवलेल्या, कदाचित दुसऱ्याच खेळात रमलेल्या माणसाला त्याने परत बोलवायचे असते. हा माणूस पुरवणीच्या विक्रीत दिसतच नाही. म्हणून पुरवणीचा खप हजर असलेल्यांची हजेरी सांगतो, गेलेल्यांचे मन सांगत नाही.

याला अपवाद आहे. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचे गेम वर्षानुवर्षे चालतात आणि त्यांचे गिऱ्हाईक टिकून राहते. तिथे लहान-मोठे घेणारे बरेचसे तेच असू शकतात. पण ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’चा भारतावरचा ‘धर्मा’ हा विस्तार सप्टेंबर २०१८ मध्ये आला, तेव्हा सजावटीची पुरवणी त्याच्याबरोबरच आली. तिथे विस्तारच पुरवणीला ओढून नेतो. त्यावरून उलट दिशेचा निष्कर्ष काढणे म्हणजे वरातीवरून नवरदेवाचा अंदाज बांधणे.

आपल्या दृष्टीने या अंदाजाची खरी किंमत वेगळीच आहे. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठे म्हणून खेळता येते, भारत त्यातल्या तीन मोठ्या रणक्षेत्रांपैकी एक. त्या गेमला सैन्यतुकड्यांच्या पुरवण्या निघाल्या. स्वतंत्र मोहीम मात्र अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर निघाली. मराठ्यांवर निघाली नाही. स्टीम या विक्री-दुकानात रुपयांत किंमत दिसू लागली ती २०१५ च्या अखेरीस. त्याआधी डॉलरमध्ये पैसे भरू शकणारे कार्ड ज्याच्या घरात नाही, तो मराठी मुलगा पानिपत कितीही वेळा जिंकला तरी कोणत्याही पुरवणीच्या हिशेबात त्याची नोंद होणार नव्हती. जे विकायलाच ठेवले नाही किंवा जे घेता येत नाही, त्याची मागणी शून्य दिसते. या शून्यावरून पुढचा निर्णय झाला की ते शून्य कायम होते.

पुण्याच्या ‘राजी’ या गेमनेही आधीच्या छोट्या रकमांवर विसंबणे किती फसवे असते ते दाखवले. नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने त्यासाठी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली. ठरवलेली रक्कम जमली नाही. त्या आकड्यावर थांबायचे तर गेम तिथेच संपला असता. २०२० मध्ये तो आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठीच्या नामांकनापर्यंत पोहोचला.

चांदवडसारख्या तालुक्याच्या गावात आज गेम म्हणजे मुख्यतः मोबाइल. ‘बीजीएमआय’ फुकट मिळतो, पोशाख त्यातल्या आभासी नाण्यांत घ्यायचे. (चांदवडला एकेकाळी टांकसाळ होती. तिथला चांदोरी रुपया बाजारात फिरे. हे नाणे गेमबाहेर कशालाच चालत नाही.) इथे पुरवणी हाच धंदा आहे आणि तीस डॉलरचा विस्तार असतच नाही. म्हणून ‘भारतीय खेळाडू पोशाखच घेतो, मोठी कथा त्याला नको’ असे या विक्रीवरून म्हणणे चूक आहे. त्याला दुसरे काही विचारलेलेच नाही.

हाच गेम जुलै २०२२ मध्ये भारतातल्या ॲप-दुकानांतून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. विस्ताराच्या मागणीचा अंदाज हवा असेल तर मी अशा खंडानंतरचा आकडा मागेन : कोण परतले, आणि परतल्यावर पोशाखांच्या दुकानात जाण्यापूर्वी किती वेळ नुसते खेळले. कथेच्या गेममध्ये शेवटच्या प्रसंगापर्यंत किती जण पोहोचले, तेही. हे दोन्ही आकडे कंपन्यांकडे असतात. पोशाखांची विक्री त्यांच्या शेजारी मांडायला हरकत नाही, पण त्यांच्या जागी नको.