परतलेल्या सैनिकाचे घर : ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज’ या चित्रपटाविषयी

युद्धाच्या कथा बहुधा विजयाच्या दिवशी संपतात. तोफा थंडावतात, निशाण उभारले जाते आणि पडदा पडतो. घराकडे निघालेल्या शिपायाचे पुढे काय झाले, हे विचारण्याची उसंत लेखकाला नसते आणि वाचकालाही नसते. ग्रीक महाकवी होमर याला अपवाद होता. ‘इलियड’मध्ये युद्ध सांगून झाल्यावर ‘ओडिसी’ हे दुसरे महाकाव्य त्याने एका योद्ध्याच्या परतीला दिले. त्या काव्याच्या चोवीस सर्गांपैकी तेराव्या सर्गातच ओडिसियस मायभूमीच्या किनाऱ्याला लागतो. उरलेले जवळजवळ अर्धे काव्य घर गाठल्यानंतरचे आहे. किनाऱ्यावर जाग येते तेव्हा त्याला स्वतःचा देशच ओळखू येत नाही. दारापर्यंत पोहोचणे वेगळे आणि घरात परतणे वेगळे, हे त्या प्राचीन कवीला ठाऊक होते.

हेच सत्य विसाव्या शतकात ज्या थोड्या कलाकृतींनी नेटाने हाताळले, त्यांत विल्यम वायलर यांनी दिग्दर्शित केलेला ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज’ हा अमेरिकन चित्रपट अग्रस्थानी ठेवावा लागेल. दुसरे महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झाले असता, १९४६ साली तो प्रदर्शित झाला. मॅकिन्ले कँटर यांच्या ‘ग्लोरी फॉर मी’ या निर्यमक पद्यातील कादंबरीवरून रॉबर्ट शेरवूड यांनी त्याची पटकथा रचली. वायलर स्वतः युद्धकाळात हवाई दलासाठी माहितीपट करीत होते आणि त्या कामात त्यांच्या एका कानाची श्रवणशक्ती गेली होती. परतीचा अनुभव त्यांना ऐकीव नव्हता.

कथा तिघांची आहे. बून सिटी नावाच्या कल्पित गावाकडे जाणाऱ्या लष्करी विमानात त्यांची गाठ पडते. अल स्टीफन्सन हा बँकेतील वरिष्ठ अधिकारी, पण सैन्यात साधा सार्जंट. फ्रेड डेरी औषधांच्या दुकानातील सोड्याच्या काउंटरवरचा नोकर, पण हवाई दलात कॅप्टन आणि बाँब टाकणारा निष्णात अधिकारी. तिसरा होमर पॅरिश हा तरुण नौसैनिक. त्याचे दोन्ही हात गेले असून त्या जागी लोखंडी आकडे आहेत. युद्धाने समाजाची उतरंड काही काळ उलटी केली होती आणि गाव ती पुन्हा पूर्ववत करणार आहे, हे या योजनेतूनच वाचकाच्या लक्षात येईल.

टॅक्सीतून घरी जाताना प्रत्येकाला आपले घर शेवटी यावे असे वाटते. प्रथम होमर उतरतो. त्याची वाग्दत्त वधू विल्मा धावत येऊन त्याला मिठी मारते आणि तो हात खाली सोडून ताठ उभा राहतो. सोबत्यांना निरोप देण्यासाठी तो आकडा उंचावतो, तेव्हा आईचा हुंदका फुटतो. अलच्या घरचा प्रसंग तर अभ्यासावा असा आहे. दार उघडणाऱ्या मुलांना तो खुणेने गप्प करतो. आतून पत्नी विचारते, कोण आले? उत्तर येत नाही, आणि त्या शांततेतूनच तिला कळते. या भेटीत आनंद आहे. परंतु तासाभरात त्याच घरात अलचा जीव गुदमरू लागतो आणि बायकोमुलीला घेऊन तो मद्यगृहांच्या फेरीला निघतो. प्रेम आटलेले नाही, तरी बोलायला विषय सापडत नाही. ही अवघडलेली अवस्था वायलर यांनी कोणताही दोषारोप न करता दाखविली आहे.

छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांच्या कॅमेऱ्यात जवळचे आणि दूरचे सारखेच स्पष्ट दिसते. मद्यगृहातील एका दृश्यात समोर होमर आकड्यांनी पियानो वाजवीत आहे आणि अल कौतुकाने ते पाहत उभा आहे. त्याच चौकटीत दूर कोपऱ्यातील टेलिफोनच्या खोलीत फ्रेड अलच्या मुलीशी, पेगीशी, असलेले नाते तोडत आहे. कशाकडे पाहायचे ते प्रेक्षकाने ठरवायचे. एकाच घरात, एकाच वेळी, एकाचे सावरणे आणि दुसऱ्याचे मोडणे चालू असते, हे सांगण्यास याहून योग्य रीत आम्हांस सुचत नाही.

होमरची भूमिका करणारे हॅरल्ड रसेल व्यावसायिक नट नव्हते. १९४४ साली अमेरिकेतच, लष्करी प्रशिक्षणाच्या वेळी झालेल्या स्फोटात त्यांचे हात गेले होते. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर तर मिळालेच, शिवाय एक विशेष ऑस्करही देण्यात आले. एके रात्री होमर विल्माला आपल्या खोलीत नेऊन आकड्यांचे पट्टे उतरवतो आणि त्यानंतर आपण तान्ह्या मुलाइतके परावलंबी होतो, हे तिला दाखवितो. ती त्याच्या सदऱ्याची बटणे लावते, पांघरूण नीट करते. इथे करुणेचा कढ नाही. जे आहे ते पाहून कोणी निघून गेले नाही, एवढेच घडते; आणि होमरला हवे होते तेही तेवढेच.

फ्रेडची कहाणी अधिक कठोर आहे. शौर्यपदक मिळविलेला हा माणूस पुन्हा त्याच दुकानात तुटपुंज्या पगारावर उभा राहतो. पत्नी मारीला गणवेशातला कॅप्टन हवा होता. झोपेत ओरडणारा, बेकार नवरा नको होता. शेवटी गाव सोडण्याच्या बेतात असलेला फ्रेड भंगारात काढलेल्या बाँबफेकी विमानांच्या रांगांतून हिंडतो, एका विमानाच्या पुढच्या टोकात चढतो आणि घामाने डबडबतो. त्याला खाली बोलावणारा मुकादम उपदेश करीत नाही. तो काम देतो. त्या विमानांच्या पत्र्यांतून घरे उभारायची आहेत. पुनर्वसनाविषयी लिहिलेल्या कित्येक पोथ्यांपेक्षा हा एक प्रसंग आम्हांला अधिक सांगून गेला.

चित्रपटाच्या पाठीशी तत्कालीन वास्तव होते. १९४४ साली अमेरिकेने सैनिकांच्या पुनर्स्थापनेचा कायदा केला आणि शिक्षण, घर, व्यवसाय यांसाठी साहाय्य देऊ केले. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातील शिक्षण-प्रशिक्षणाचा लाभ घेतला. तारण नसलेल्या शेतकरी सैनिकाला कर्ज मंजूर करणारा अल याच काळाचा प्रतिनिधी आहे. परंतु दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय सैनिकांना या सवलती बहुतांशी नाकारल्या गेल्या, आणि चित्रपटातही परतणारे तिन्ही नायक गोरेच आहेत. हा दोष लहान मानता येणार नाही.

दुसरा दोष असा की, सावरण्याचा जवळजवळ सारा भार पत्नी, मुलगी आणि वधू यांच्या खांद्यांवर टाकला आहे. भार पेलणाऱ्या त्या सुशील, न पेलणारी मारी उथळ. शिवाय अलचे वाढते मद्यपान हसण्यावारी नेले आहे. पती किती पेले रिचवतो याची नोंद त्याची पत्नी मेजवानीत मेजपोसावर काट्याने रेघा ओढून ठेवते आणि प्रेक्षक हसतो. ज्या घरांना दारू माहीत आहे, त्यांना हे हसू महाग वाटेल.

तिसरा दोष आमच्या मते सर्वांत खोल आहे. युद्धाने सैनिकाचे काय केले, हे चित्रपट प्रामाणिकपणे सांगतो. सैनिकाला युद्धात काय करावे लागले, याविषयी तो मौन पाळतो. फ्रेडच्या दुःस्वप्नात जळते ते मित्राचे विमान. त्याने टाकलेल्या बाँबखालची माणसे तेथे येत नाहीत. अल मेलेल्या जपानी सैनिकाजवळचा ध्वज आणि तलवार मुलासाठी भेट आणतो. मुलगा त्याला हिरोशिमाच्या किरणोत्साराबद्दल विचारतो. बापापाशी उत्तर नसते. नवल असे की, हा प्रश्न विचारणारा मुलगा पुढे कथेतून नाहीसाच होतो.

त्या काळी याहून उघडे सत्य सोसले नसते, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. त्याच १९४६ साली जॉन ह्यूस्टन यांनी मानसिक आघाताने खचलेल्या सैनिकांवर ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट पूर्ण केला, आणि लष्कराने तो अडवून ठेवला. लोकांना तो १९८० साली पाहता आला. त्याच वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आघातोत्तर तणावाच्या विकाराला स्थान मिळाले. पुढे १९९४ साली, व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर बॉस्टन येथे उपचार करणारे डॉ. जोनाथन शे यांनी ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ या ग्रंथात होमरच्याच काव्याच्या आधारे दाखवून दिले की, भयाइतकीच नीतिबुद्धीला झालेली जखमही माणसाला पोखरते. ती भरून येण्यासाठी आपली हकीकत विश्वासाच्या माणसांसमोर सांगता आली पाहिजे, आणि ऐकणाऱ्यांनी ती न्याय न करता, न घाबरता ऐकली पाहिजे, असे त्यांचे सांगणे आहे.

येथे ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक दाखला आठवतो. १०६६ साली हेस्टिंग्जची लढाई झाली. त्यानंतर काही वर्षांतच नॉर्मन बिशपांनी, पोपचे प्रतिनिधी अर्मेनफ्रिड यांच्या संमतीने, विजयी सैनिकांसाठी प्रायश्चित्ताचे नियम घालून दिले. लढाईत ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष, जखमी केलेल्यामागे चाळीस दिवस. संख्या ठाऊक नसेल त्याने जन्मभर आठवड्यातून एक दिवस प्रायश्चित्त करावे, किंवा चर्च बांधावे अथवा त्यास दान द्यावे. आजच्या कानाला हे कडक वाटेल. परंतु जिंकून आलेल्या माणसाच्या मनावरही ओझे असते, हे त्या नियमांनी गृहीत धरले होते, आणि ते उतरविण्याचा मार्ग समाजाच्या साक्षीने आखून दिला होता. बून सिटीत मेजवानी आहे, मद्यगृह आहे. हा मार्ग तेवढा नाही.

इतके असूनही हा चित्रपट आम्ही थोर मानतो. जवळजवळ तीन तासांच्या त्याच्या लांबीत एकही रणांगण नाही, आणि तरीही युद्ध प्रत्येक खोलीत हजर आहे. तिघांपैकी कोणी पूर्णपणे बरा झाल्याचा दावा तो करीत नाही. शेवटच्या विवाहप्रसंगी फ्रेड पेगीला पुढील कष्टांचीच कल्पना देतो. आपल्या ज्या कुटुंबांतून मुलगा, जावई वा भाऊ सीमेवरून रजेवर अथवा निवृत्त होऊन घरी येतो, त्यांनी तो एकत्र बसून अवश्य पाहावा. त्याला पराक्रमाचे प्रश्न विचारण्याची घाई करू नये, आणि तो आपणहून बोलू लागला तर विषय बदलू नये, एवढे दोन धडे घेतले तरी ते पाहणे सार्थकी लागेल.