‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ : एका संज्ञेचे परीक्षण

शासकीय संज्ञांची चिकित्सा ही कोशकारांची बाब समजण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु काही संज्ञांच्या अर्थावर एखाद्या मुलाचे पुढील आयुष्य अवलंबून असते. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ही त्यांपैकी एक होय.

1986 च्या बाल न्याय अधिनियमातील मूळ इंग्रजी संज्ञा दोष बालकाच्या ठायी मानणारी होती. वृत्तपत्रांतील ‘बालगुन्हेगार’ हा शब्द तिचाच सहोदर. 2000 च्या अधिनियमाने ती टाकून कायद्याशी संघर्षात आलेले बालक ही कल्पना स्वीकारली. 2015 च्या अधिनियमाने ती कायम ठेवली आणि कलंक लावणारी भाषा वापरू नये, असे तत्त्वच 3 ऱ्या कलमात घातले. मराठी रूपांतर मात्र मुळाच्याही पुढे गेले आहे. ‘ग्रस्त’ हे उत्तरपद आपण पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त अशा शब्दांत योजतो. तेथे आपत्ती बाहेरून आलेली असते आणि ग्रस्ताला सोडविण्याचे दायित्व इतरांवर पडते. संज्ञा बोजड आहे हा आक्षेप मान्य केला, तरी तिचा हा आशय मोलाचा आहे.

व्यवहार या आशयाला जागतो काय, हा खरा प्रश्न होय. मीरा-भाईंदरचे उदाहरण घेऊ. 2002 मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहरासाठी, वसई-विरारसह, 2020 मध्ये स्वतंत्र पोलीस आयुक्तालय स्थापन झाले. समजा, तेथील एखाद्या शाळेत नववीतल्या मुलाने वर्गमित्राचा मोबाइल चोरला. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांतील 8 व्या नियमानुसार, अपराध किमान 7 वर्षांच्या शिक्षेचा नसेल आणि प्रौढांच्या साथीने घडलेला नसेल, तर गुन्हा नोंदवावयाचा नसतो. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून ती सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह बाल न्याय मंडळाकडे पाठवावयाची असते. बालकास कोठडीत ठेवण्यास तर 10 व्या कलमाने सर्वस्वी मनाई आहे.

ही योजना समंजस आहे. परंतु तिचा आरंभ पोलीस ठाण्याच्या उंबरठ्यावर होतो. पोलिसांना बोलवावे की पालकांना, हा त्यापूर्वीचा निर्णय मुख्याध्यापकांच्या खोलीत होतो. लैंगिक अपराधांची माहिती देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. किरकोळ प्रकरणी मात्र सारे शाळेच्या विवेकावर राहते. शिक्षणहक्क कायद्याचे 16 वे कलम मुलाला शाळेतून काढण्यास मनाई करते, पण ते प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंतच. नववी-दहावीत हे छत्र उरत नाही. मग नाव कमी केलेल्या मुलाच्या अहवालात ‘शिक्षण सुटले’ अशी नोंद होते आणि शाळेची कृती मुलाचा दोष म्हणून वाचली जाते.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात 2014 पासून, किरकोळ व पहिल्याच चुकीबद्दल विद्यार्थ्यास अटक न करता साहाय्यसेवांकडे पाठविण्याचा उपक्रम पोलिसांनी चालविला आणि शाळांतील अटका पुष्कळच घटल्या. तेथील अनेक शाळांत पोलीस नेमलेलेच असतात, म्हणून सुधारणा पोलिसांपासून सुरू झाली. आपल्याकडे सामान्यतः शाळाच पोलिसांना बोलावते. सबब येथील सुधारणेचा आरंभ शाळेपासूनच झाला पाहिजे. पालक, समुपदेशक आणि ठाण्यातील बालकल्याण पोलीस अधिकारी यांना कोणत्या क्रमाने बोलवावे, याची लिखित कार्यपद्धती प्रत्येक शाळेत हवी. तोवर, कलंक टाळण्यासाठी घडविलेली ही संज्ञा व्यवहारात ‘बालगुन्हेगार’ या जुन्या शब्दाचेच काम करीत राहील.