दानाचा हिशेब

माउली, वारीत एका मुक्कामी केळी पायदळी जातात आणि पुढच्या मुक्कामी फोड आलेल्या पायाला मलम मिळत नाही, हे आपण पाहिले आहे. दान कमी नसते, ते कुठे हवे हे कोणी विचारलेले नसते. अमेरिकेत २००७ साली दोन तरुणांनी हेच विचारायला ‘गिव्हवेल’ ही संस्था काढली. कोणत्या कामात साधारण किती पैशांत एक जीव वाचतो, याचा तक्ता ती संकेतस्थळावर उघडा ठेवते. मलेरियापासून वाचवणाऱ्या, औषध लावलेल्या मच्छरदाण्या त्यात वर असतात. स्वतःच्या चुकांचेही तिथे एक पान आहे. (आपल्याकडे किती ठिकाणी असते?)

पण त्या हिशेबातील वजने नीट वाचा. लेकराचा जीव वाचणे आणि गरीब घराची मिळकत वाढणे, यांत कशाला किती वजन? हे मोजून मिळत नाही, ठरवावे लागते. त्यासाठी घाना व केनियातील गरिबांनाही विचारले गेले, हे मला फार आवडले. तरी अंतिम आकड्यात हा माणसांचा कौल दडून जातो, आणि तो आकडा गणितासारखा पक्का वाटू लागतो. तिथे माझे पटत नाही.

आणि आपल्या दिंडीतील मलम त्या तक्त्यात सापडणार नाही. ते यंदा निघण्याआधीच दिंडीचालकांना विचारून घ्या.