'भरधाव': एका शब्दाची झडती

आज आपण एकच शब्द तपासू या: 'भरधाव'. आपण बसलोय त्या नारायण पेठेतच केसरीवाडा आहे. तेव्हा बातमीच्या भाषेची झडती इथेच घेतलेली बरी.

अपघाताची बातमी ठरलेली असते: 'भरधाव मोटारीने दुचाकीस्वारास चिरडले.' कर्ता कोण? मोटार! चालक वाक्यातून केव्हाच उतरून गेलाय. 'भरधाव' शोभतो घोड्याला. घोडा बुजतो, उधळतो, त्याला स्वतःचं मन असतं. मोटारीला ते नसतं. तिथे कुणाचा तरी पाय दाबलेला असतो.

19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. आरोपी अल्पवयीन. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. लोक संतापले, तो आदेश पुढे बदललाही. पण हाच निबंध आपण लिहिला असता, तर त्यातही कर्ता मोटारच असती ना?

वेगाची झिंग आम्हालाही ठाऊक आहे. रात्री लक्ष्मी रस्ता मोकळा दिसला की हात शिवशिवतात. पण वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंत चौपट अंतर लागतं. झिंग आपली असते. त्या अंतरात उभा असतो तो दुसराच कुणीतरी.

म्हणून आमची मागणी व्याकरणाची आहे. 'चालकाने मोटार भरधाव नेली' असं लिहा. माणसाला वाक्यात परत आणा.